पंधरा मिनिटांत ब्लॉग : 'रुबी ऑन रेल्स' प्रोग्रामरांपर्यंत कसे पोहोचले

१/
२००५ साली एका पंचविशीतल्या डॅनिश तरुणाने आपल्या संगणकाच्या पडद्याची चित्रफीत तयार केली. तीत माणूस दिसत नाही. दिसतो तो पडदा, त्यावर उमटत जाणारी अक्षरे, आणि ऐकू येतो एक घाईतला, उत्साही आवाज. टंकताना चूक होते, आवाज 'अरेच्चा' अशा थाटाचा उद्गार काढतो, चूक दुरुस्त होते, काम पुढे सरकते. पंधरा मिनिटे संपता संपता रिकाम्या फोल्डरच्या जागी एक चालता ब्लॉग उभा राहतो. लेख लिहिता येतात, बदलता येतात, वाचकाला खाली प्रतिक्रिया नोंदवता येते.

२/
तरुणाचे नाव डेव्हिड हाइनमायर हॅन्सन, आणि ज्याच्या बळावर त्याने हे करून दाखवले ते 'रुबी ऑन रेल्स' हे फ्रेमवर्क. यूट्यूब तेव्हा नुकते कुठे जन्माला येत होते. ही चित्रफीत क्विकटाइमची फाइल म्हणून उतरवून घ्यावी लागे. तरी ती हातोहात पसरली. संगणकाच्या जगात एखादे नवे साधन लोकांपर्यंत कसे पोहोचते, त्या पोहोचण्यात काय दाखवले जाते आणि काय पडद्याआड राहते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा क्वचितच सापडेल. आजचा धागा त्यावर आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या वाटेला का जावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. कारण साधनांचे आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपल्याकडे बखरीपेक्षा अस्सल पत्राला अधिक मान आहे. सॉफ्टवेअरच्या इतिहासातही दोन्ही प्रकारची साधने मिळतात. यश मिळाल्यावर सांगितलेल्या कथा ही बखर. आणि कोणत्या दिवशी, कोणी, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवणारा प्रकल्पाचा साठा हे दफ्तर. रेल्सच्या बाबतीत बखर आणि दफ्तर दोन्ही शाबूत आहेत. पेशवाईच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही स्थिती आहे.

४/
आधी 'फ्रेमवर्क' म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रामर पूर्वीपासून इतरांनी लिहिलेले तयार तुकडे वापरत आले आहेत. त्यांना लायब्ररी म्हणतात. घरच्या लग्नासाठी भाड्याने भांडी आणावीत तसा तो प्रकार : कधी कोणते भांडे वापरायचे ते आपण ठरवतो. फ्रेमवर्क म्हणजे मंगल कार्यालय. तिथे मांडव, पंगती, वाजंत्री, वेळापत्रक सगळे आधीच ठरलेले असते. वधूवर आपले, बाकीचा क्रम त्यांचा. आपण कधी बोलायचे तेही तेच सांगतात. सोय मोठी, मात्र कार्यालयाच्या रीतीबाहेरचे काही करायचे म्हटले की व्यवस्थापकाशी वाद अटळ.

५/
म्हणूनच फ्रेमवर्क स्वीकारणे हा गंभीर निर्णय असतो. भांडे आवडले नाही तर परत करता येते, भर मुहूर्तावर कार्यालय बदलता येत नाही. एकदा निवडलेल्या फ्रेमवर्कसोबत पुढची पाचदहा वर्षे काढावी लागतात. असा निर्णय जाहिरात वाचून कोणी घेत नाही. प्रोग्रामर ही जमात जाहिरातीकडे मुळातच संशयाने पाहते. तिला पटतो तो चालणारा प्रोग्रॅम. हातच्या काकणाला आरसा कशाला, हा तिचा बाणा.

६/
प्रात्यक्षिकाची ही परंपरा रेल्सहून बरीच जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांसमोर दीड तासाचे प्रात्यक्षिक केले. माउस, पडद्यावरील संपादन, दुव्यांनी जोडलेला मजकूर, दूरच्या सहकाऱ्याशी चित्रासह संभाषण हे सगळे लोकांनी एकाच बैठकीत पाहिले. ऑगस्ट १९८१ मध्ये 'बाइट' या मासिकाने आपला अंक झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतील स्मॉलटॉक भाषेला वाहिला. मुखपृष्ठावर रंगीत फुगा आकाशात झेपावताना दाखवला होता. मोजक्या संशोधकांची विद्या सामान्य प्रोग्रामरांच्या हाती येत आहे, असा त्याचा अर्थ.

७/
त्याच प्रयोगशाळेत १९७९ साली ट्रिग्वे रेन्स्काउग या नॉर्वेच्या संगणकतज्ज्ञाने एक विभागणी सुचवली होती. माहिती एकीकडे, ती दाखवणारा भाग दुसरीकडे, वापरकर्त्याच्या आज्ञा झेलणारा भाग तिसरीकडे : मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर. पंचवीस वर्षांनी रेल्सचा पाया याच विभागणीवर रचला गेला. रेल्समधल्या बहुतेक कल्पना अशाच उसन्या आहेत, आणि त्याच्या कर्त्याने त्या कधी लपवल्या नाहीत. नवे होते ते त्यांना एकत्र बांधणे, आणि बांधलेले लोकांसमोर ठेवण्याची रीत.

८/
ती रीत एवढी प्रभावी का ठरली हे समजण्यासाठी तेव्हाची हवा पाहिली पाहिजे. २००० च्या आसपास मोठ्या कंपन्यांत जावा भाषेवर आधारलेल्या जे-टू-ई-ई या प्रणालीचे राज्य होते. तिच्यामागे सन मायक्रोसिस्टिम्स, भल्यामोठ्या परिषदा, प्रमाणपत्रांच्या परीक्षा आणि उशीला घेता येतील अशी जाड पुस्तके होती. पण साधे पान पडद्यावर आणायचे तरी एक्सएमएलच्या फाइलींमागून फाइली भराव्या लागत. अमुक नावाचा वर्ग तमुक ठिकाणी आहे, हे संगणकाला तीन-तीनदा सांगायचे. नमनालाच घडाभर तेल.

९/
सनने या प्रणालीचे उत्तम नमुने दाखवण्यासाठी 'पेट स्टोअर' नावाचे पाळीव प्राण्यांचे काल्पनिक दुकान बनवले होते. हेतू शिकवण्याचा होता. मायक्रोसॉफ्टने काय करावे? त्यांनी तेच दुकान आपल्या डॉट नेट प्रणालीत पुन्हा बांधले आणि आमच्या ओळी किती कमी भरल्या पाहा, असा डांगोरा पिटला. हा नमुना वेगाच्या वा ओळींच्या शर्यतीसाठी नव्हताच, असा खुलासा पलीकडून झाला. तो खराही होता. पण खुलाशाला डांगोऱ्याचा आवाज कुठून येणार? नमुन्यादाखल बांधलेले छोटे ॲप हे प्रचाराचे शस्त्र होऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

१०/
जावाच्या जगातही बंड झाले, पण ते ग्रंथातून. ऑक्टोबर २००२ मध्ये रॉड जॉन्सन यांचे जे-टू-ई-ईच्या रचनेवरील पुस्तक आले. सोबत सुमारे तीस हजार ओळींचा चालता कोड होता. टीका करून ते थांबले नाहीत, पर्यायही हाती दिला. वाचकांनीच आग्रह धरला की याचा खुला प्रकल्प करावा. त्यातून स्प्रिंग फ्रेमवर्क जन्मले. मार्च २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. हिवाळ्यानंतरचा वसंत, असा त्या नावातला भाव. आज बँकांच्या पोटात स्प्रिंगच अधिक आढळेल. तरीही त्याच्या प्रसाराची गोष्ट कोणी रंगवून सांगत नाही. पुस्तक वाचून मत बदलणाऱ्या माणसाचे चित्रण करता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

११/
आता कोपनहेगनकडे वळू. हॅन्सन तिथे व्यवसाय-व्यवस्थापन आणि संगणक यांचे शिक्षण घेत होता. शिकागोच्या जेसन फ्रीड यांच्या '३७सिग्नल्स' या छोट्या कंपनीसाठी त्याने प्रकल्पांचा हिशेब ठेवणारे 'बेसकॅम्प' हे वेब ॲप लिहायला घेतले. आठवड्याला मोजके दहा तास, आणि दोन शहरांच्या घड्याळांत सात तासांचे अंतर. वेळ अपुरा म्हणून प्रत्येक पुनरावृत्ती डोळ्यांत खुपू लागली. फेब्रुवारी २००४ मध्ये बेसकॅम्प ग्राहकांसमोर आले. त्याच्या पोटातला, कोणत्याही वेब ॲपला लागेल असा भाग वेगळा काढून जुलै २००४ मध्ये खुला करण्यात आला. तेच रेल्स. कार्यालय आधी बांधून मग लग्न शोधलेले नाही. एक लग्न पार पडल्यावर मांडव जपून ठेवला.

१२/
हे सारे ज्या भाषेत लिहिले ती रुबी, जपानची. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ साली तिचा आरंभ केला आणि १९९५ च्या अखेरीस ती प्रसिद्ध केली. कित्येक वर्षे तिच्याविषयीचे लेखन प्रामुख्याने जपानीतच होते. इंग्रजी वाचकांसाठी डेव्ह थॉमस आणि अँडी हंट यांचे पहिले मोठे पुस्तक २००० च्या अखेरीस आले. तोवर जपानबाहेर रुबी म्हणजे हौशी मंडळींची चैन. नोकरीच्या जाहिरातीत ती दिसत नसे. म्हणजे हॅन्सनसमोर दुहेरी काम होते : कोणी न ऐकलेले फ्रेमवर्क, आणि तेही फारशा कोणाला न येणाऱ्या भाषेतले.

१३/
दफ्तर सांगते की पहिले काही महिने मूळ कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार त्याने स्वतःकडेच ठेवला होता. इतरांना तो फेब्रुवारी २००५ मध्ये मिळाला. बोलणे मात्र पहिल्यापासून अनेकांचे होते. जानेवारी २००५ मध्ये कर्ट हिब्स यांनी ओ'रायली प्रकाशनाच्या संकेतस्थळावर एक दीर्घ लेख लिहिला. त्यात पाककृतींची वही रेल्समध्ये पायरी पायरीने बांधून दाखवली होती. जावाच्या नेहमीच्या फ्रेमवर्कपेक्षा किमान दहापट वेगाने काम होईल, असा दावा लेखाच्या सुरुवातीलाच होता. हा दहाचा आकडा कोणत्या मोजणीतून आला, हे विचारत बसायला कोणाला सवड नव्हती. आकडा लेखातून सुटला आणि चर्चांमधून भटकू लागला.

१४/
आणि मग ती चित्रफीत. जादू तिच्या चित्रणात नाही, रेल्सच्या रचनेतच आहे. 'मांडणीपेक्षा संकेत' हे रेल्सचे सूत्र. वर्गाचे नाव 'पोस्ट' असेल तर माहितीचा तक्ता 'पोस्ट्स' या अनेकवचनी नावाचाच असणार, हे रेल्स गृहीत धरते. फाइल कुठल्या फोल्डरात असावी हेही ठरलेले. प्रोग्रामरने संकेत पाळला की लिहिण्यासारखे उरतच नाही. शिवाय 'स्कॅफोल्ड' ही सोय होती : एक आज्ञा देताच नोंदी भरण्याची, पाहण्याची, बदलण्याची, पुसण्याची पाने तयार. बांधकामाची परांची जशी काम झाल्यावर काढतात तशी ही पानेही पुढे बदलायची असतात. पण प्रेक्षकाला परांचीच इमारत वाटली तर नवल नाही.

१५/
चित्रफितीत हॅन्सन एका गोष्टीकडे पुन्हा पुन्हा लक्ष वेधतो : आपण किती गोष्टी करत नाही आहोत. एक्सएमएल लिहीत नाही, तेच नाव चार ठिकाणी नोंदवत नाही. जावाने घाम काढलेल्या प्रेक्षकाला हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करावी. प्रचाराच्या इतिहासात ही गोष्ट विरळाच. साधारणपणे विक्रेता आपला माल काय काय करतो याची यादी देतो. इथे न केलेल्या कामांची यादी हेच आकर्षण होते. माझ्या मते रेल्सच्या पुढच्या यशाचे बीज इथे आहे, आणि पुढच्या एका संकटाचेही. ते संकट सात वर्षांनी आले, त्याकडे येऊच.

१६/
यानंतर सगळे भराभर घडले. डेव्ह थॉमस आणि हॅन्सन यांचे रेल्सवरील पुस्तक २००५ मध्येच आले. छापील प्रत बाजारात येण्याआधी त्याचा कच्चा मजकूर विकला जात होता आणि वाचक चुका कळवत होते. त्याच वर्षी गूगल आणि ओ'रायली यांच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या पुरस्कारांत हॅन्सनचा गौरव झाला. १३ डिसेंबर २००५ रोजी रेल्सची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने आपल्या 'लेपर्ड' प्रणालीसोबत रेल्स देऊ केले. एप्रिल २००६ मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत मात्र टीकाकारांना उत्तर म्हणून हॅन्सनने शिवीचे दोन शब्द पडद्यावर झळकवले. समर्थक हसले, इतरांनी ते लक्षात ठेवले. प्रचारकाचा स्वभाव साधनाला चिकटतो तो असा.

१७/
ज्यांनी आरंभी विश्वास टाकला त्यांत कॅनडातील टोबियास ल्युटके होते. त्यांनी स्नोबोर्ड विकण्यासाठी रेल्सवर दुकान बांधले. ते दुकान बाजूला राहिले आणि त्याच्या कोडमधून २००६ साली 'शॉपिफाय' निघाले. २००६ मध्येच ट्विटर रेल्सवर सुरू झाले. गर्दी वाढताच ते वारंवार कोलमडू लागले, आणि पक्ष्यांनी उचलून धरलेल्या देवमाशाचे चित्र जगभर ओळखीचे झाले. रेल्सला भार पेलवत नाही, असा बोभाटा झाला. ट्विटरच्या अडचणींना त्याची स्वतःची रचनाही कारणीभूत होती. पण बखरीला असे बारकावे रुचत नाहीत. पंधरा मिनिटांच्या चित्रफितीला देवमाशाच्या चित्राने उत्तर मिळाले, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले.

१८/
थोडे शेजारी डोकावू. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तिथल्या वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ पासून पायथॉन भाषेत एक फ्रेमवर्क घडवले. बातमी संध्याकाळी छापायची तर पान दुपारी तयार हवे, ही त्यामागची निकड. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावावरून त्याचे नाव 'जँगो' ठेवले आणि जुलै २००५ मध्ये ते खुले केले. म्हणजे रेल्सचेच वय, तसेच प्रत्यक्ष कामातून जन्मलेले. त्याची ख्याती झाली ती नीटनेटक्या लिखित माहितीमुळे. पत्रकारांच्या सहवासात वाढलेल्या फ्रेमवर्कला लिहिण्याचे वळण असावे, हे मला फार गोड वाटते. रेल्सइतकी दणदणीत सलामी त्याला मिळाली नाही. त्याचे वाचक सावकाश जमत गेले.

१९/
रेल्सच्या चित्रफितीचा प्रेक्षक कोण होता, हेही विचारायला हवे. इंग्रजी समजणारा, वेगवान इंटरनेट असलेला, बहुधा आधीच नोकरीत असलेला पुरुष. पडद्यावर मॅक संगणक होता. एप्रिल २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रुबी परिषदेत एका वक्त्याने आपल्या भाषणात स्त्रियांची उत्तान चित्रे वापरली. मोठा वाद पेटला, आणि तिथे स्त्रिया मुळात किती थोड्या आहेत हे सर्वांना दिसले. त्याच वर्षी सारा मे आणि सारा ॲलन यांनी त्याच शहरात 'रेल्सब्रिज' या नावाने स्त्रियांसाठी विनामूल्य कार्यशाळा सुरू केल्या. २०१० मध्ये हेलसिंकीत लिंडा लिउकास आणि कारी सारिनेन यांच्या पुढाकाराने 'रेल्स गर्ल्स' सुरू झाले. २०१४ साली बर्लिनमध्ये त्याच धर्तीवर 'जँगो गर्ल्स' आले.

२०/
या कार्यशाळांचे महत्त्व मला चित्रफितीइतकेच वाटते. चित्रफितीत एकजण करतो आणि बाकीचे पाहतात. कार्यशाळेत शिकणारीच्या स्वतःच्या संगणकावर काम चालते, आणि अडखळली की शेजारी बसलेली व्यक्ती मदत करते. पहिल्या दिवसाचा मोठा भाग नुसती साधने बसवण्यात जातो, ही गोष्ट चित्रफीत कधीच सांगत नाही. भारतात रुबीची परिषद २०१० मध्ये बंगळुरूला सुरू झाली, २०१२ मध्ये पुण्यात आणि २०१४ मध्ये गोव्यात भरली. पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांना रेल्स मानवण्यासारखेच होते. परदेशी ग्राहकाला पंधरा दिवसांत चालते काहीतरी दाखवायचे, तर असे साधन हवेच.

२१/
आता ते संकट. वेबवरचा कोणताही अर्ज भरला की त्यातली माहिती फ्रेमवर्ककडे जाते. रेल्समध्ये ती सगळी एका झटक्यात नोंदीत उतरवण्याची सोय होती. प्रत्येक रकाना वेगळा लिहायला नको, एका ओळीत काम फत्ते. सोय कशी धोक्याची ते पतपेढीच्या उदाहरणाने पाहू. कर्जाच्या अर्जावर नाव, पत्ता, रक्कम एवढेच रकाने छापलेले आहेत. एखाद्या अर्जदाराने खाली स्वतःच्या हाताने 'मंजूर : होय' अशी ओळ वाढवली. कारकुनाला सांगून ठेवले आहे की अर्जावर जे असेल ते जसेच्या तसे वहीत उतरव. कारकून आज्ञाधारक आहे. कर्ज मंजूर!

२२/
उपाय ठाऊक नव्हता असे नाही. कोणते रकाने उतरवायचे याची यादी देण्याची सोय रेल्समध्ये होती, मार्गदर्शिकेत इशाराही होता. पण यादी देणे ऐच्छिक होते. काहीच केले नाही तर दार उघडे राही. आणि 'काहीच करावे लागत नाही' हेच तर रेल्सचे आकर्षण. २०१२ च्या मार्चच्या आरंभी एका रशियन तरुणाने रेल्सच्या प्रकल्पाकडे याविषयी तक्रार नोंदवली. हे पाहणे ॲप लिहिणाऱ्याचे काम, फ्रेमवर्कचे नव्हे, असे उत्तर मिळून तक्रार बंद झाली.

२३/
रेल्सचा कोड तोवर 'गिटहब' या संकेतस्थळावर नांदत होता, आणि गिटहब स्वतः रेल्समध्येच लिहिलेले होते. तरुणाने तिथल्या अर्जात एक जादा रकाना घुसवला. आधी हजार वर्षे पुढची तारीख असलेली तक्रार दाखल करून त्याने चुणूक दाखवली. मग आपली डिजिटल किल्ली रेल्स चमूच्या खात्याशी जोडली आणि ४ मार्च २०१२ रोजी रेल्सच्या मूळ कोडमध्ये, कोणताही अधिकार नसताना, एक फाइल दाखल केली. नासधूस केली नाही. दार उघडे आहे हे दाखवण्यासाठी तो आत येऊन उभा राहिला, इतकेच. पण ज्या घरात जगभरचा कोड ठेवलेला, त्याच घराचे हे दार. गिटहबने आधी त्याचे खाते गोठवले, चौकशीनंतर पुन्हा सुरू केले.

२४/
त्या तरुणाची पद्धत योग्य होती का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. माझे मत असे की लेखी इशाऱ्याने जे झाले नाही ते प्रात्यक्षिकाने झाले. ज्या समाजाने एका प्रात्यक्षिकावर विश्वास टाकला होता, त्याला दुसऱ्या प्रात्यक्षिकाचीच भाषा कळली. महिन्याच्या आतच रेल्सची सुधारित आवृत्ती आली आणि नव्या ॲपसाठी रकान्यांची यादी सक्तीची झाली. जून २०१३ मधील रेल्स ४ ने तर व्यवस्थाच पालटली. कोणते रकाने स्वीकारायचे हे अर्ज घेणाऱ्या भागातच स्पष्ट लिहावे लागू लागले. न लिहिले तर नोंद होतच नाही. काही जुन्या मंडळींना ही जादा ओळ खटकली. पूर्वीचे रेल्स किती सुटसुटीत होते, असे उसासे ऐकू आले.

२५/
हॅन्सनने खोटे काही दाखवले होते का? नाही. तो ब्लॉग खरोखर तेवढ्या वेळात झाला होता, त्या ओळी खरोखर तेवढ्याच होत्या. पंधरा मिनिटांत अडाणी प्रेक्षकाला सुरक्षेचे धडे देता येत नाहीत, हेही खरे. पण त्या काळात हजारो लोकांनी रेल्स अशाच नमुन्यांतून उचलले, आणि नमुन्यातली ओळ जशीच्या तशी आपल्या ॲपमध्ये, ग्राहकांच्या माहितीसमोर नेऊन ठेवली. नमुना हा नमुना आहे, हे सनने पेट स्टोअरच्या वेळी सांगून पाहिले होते. तेव्हाही कोणी ऐकले नव्हते.

२६/
पुढची काही वर्षे जावास्क्रिप्टच्या नव्या फ्रेमवर्कांनी गाजवली. रिॲक्टची चर्चा इतकी झाली की रेल्स संपले, असे वर्षाआड कोणीतरी लिहू लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये शॉपिफाय, गिटहब, ३७सिग्नल्स आदी आठ कंपन्यांनी दहा लाख डॉलरच्या निधीतून 'रेल्स फाउंडेशन' स्थापन केले. त्याची जाहीर उद्दिष्टे पाहण्यासारखी आहेत : लिखित माहिती, शिक्षण, प्रसार, मेळावे. एका माणसाच्या आवाजावर जे चालले होते त्यासाठी आता संस्था लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा पहिला 'रेल्स वर्ल्ड' मेळावा ॲमस्टरडॅमला भरला.

२७/
त्याआधी, रेल्स ७ च्या वेळी, २०२१ च्या डिसेंबरात हॅन्सनने पुन्हा एक चित्रफीत केली होती. पुन्हा ब्लॉग, पुन्हा लेख आणि प्रतिक्रिया, तोच घाईतला आवाज. ज्यांना सवड आहे त्यांनी जुनी आणि नवी लागोपाठ पाहाव्यात. नवीन चित्रफितीत स्कॅफोल्डची आज्ञा दिल्यावर ज्या फाइली आपोआप तयार होतात, त्यांत कंट्रोलरच्या तळाशी एक ओळ असते : कोणते रकाने स्वीकारायचे त्यांची यादी. ती हाताने लिहावी लागत नाही, रेल्सच लिहून देते.